कारंज्याला पाणी कुठून येतं?

मराठी अद्भुतकथेतलं व्यापारी शहर ओळखणं सोपं आहे. ते वाळवंटाच्या कडेला वसलेलं असतं. वेशीपाशी उंट बसलेले असतात. आत शिरलं की पहिल्या गल्लीत अत्तरवाला, दुसरीत कंदीलवाला आणि तिसरीत जुने नकाशे विकणारा एकाक्ष म्हातारा. चौकात कारंजं, कारंज्यामागे निळ्या घुमटाचा मनोरा, आणि मनोऱ्यात कुणी पाऊल ठेवायचं नाही असा दंडक. शहराच्या नावात एक तरी ‘झ’ असतो. नायक तिथे संध्याकाळी पोचतो, म्हाताऱ्याकडून एक क्षुल्लक वस्तू विकत घेतो आणि दुसऱ्या प्रकरणात ती वस्तू बोलू लागते.

दिवाळी अंकांतल्या फँटसी कथांत, मोबाइलवर भागाभागांनी येणाऱ्या कादंबऱ्यांत, कुमारांसाठीच्या साहसकथांत हे शहर मला इतक्यांदा भेटलं आहे की तिथली दुकानं मी डोळे मिटून सांगू शकतो. उंटांशी माझं वैर नाही. पण या शहराला दोन साधे प्रश्न विचारले की ते गप्प बसतं. भर वाळवंटात कारंज्याला पाणी कुठून येतं? आणि एक तांडा निघून गेल्यावर दुसरा येईपर्यंत अत्तरवाला काय खातो?

प्रश्न रटाळ आहेत, कबूल. घरपट्टी खात्यातल्या कारकुनाने विचारावेत असे आहेत. पण कुठलंही शहर याच दोन प्रश्नांपासून सुरू होतं. घुमट आणि कंदील हे नंतरचं नेपथ्य. आणि ज्या मराठी मुलुखाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पिढ्यानपिढ्या तोंडपाठ आहेत, त्या मुलुखात एखादं अद्भुत शहर वसवावं असं आपल्या लेखकांना सुचतही नाही. तो मुलूख म्हणजे पूर्व विदर्भातली झाडीपट्टी. नेमकं ठिकाण हवं असेल तर गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा: डोंगरांच्या कुशीतला मोठा तलाव, भोवती जंगल, जवळच नागझिरा अभयारण्य. वाळवंटापासून याहून लांब जाणं अवघड.

पण आधी वाळवंटाकडेच जाऊ. खऱ्या.

सीरियाच्या वाळवंटातलं पाल्मिरा हे अशा सगळ्या कल्पित शहरांचं आजोबा शोभावं असं शहर. तिथे एक शिलालेख सापडला, इ.स. १३७ मधला, ग्रीक आणि पाल्मिरी अशा दोन लिप्यांत कोरलेला. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात राजाची स्तुती नाही, देवाची प्रार्थना नाही. तो जकातीचा तक्ता आहे. उंटाच्या ओझ्याला किती, गाढवाच्या ओझ्याला किती, सुगंधी तेल दगडी कुप्यांतून आणलं तर किती आणि बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीतून आणलं तर किती, गुलामामागे किती, खारवलेल्या माशांना किती. चामडं विकणाऱ्या दुकानांवर कर आहे. वेश्यांवर कर आहे. आणि शहरातल्या झऱ्यांचं पाणी वापरण्यालाही दाम आहे. म्हणजे तिथल्या माणसांनी आपलं शहर दगडात कोरून ठेवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पाणी आणि हिशेब कोरला.

जैसलमेर घ्या. पटव्यांच्या हवेल्या सगळे पाहतात, पण ते शहर शतकानुशतकं जगलं ते गडीसर तलावात साठणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. मुंबईसारखी बंदरं वर आली तशी त्याच्या वाळवंटी मार्गांची मातब्बरी गेली, आणि १९४७ च्या फाळणीने उरलेले रस्तेही तोडले. टिंबक्टू घ्या. उत्तरेच्या खाणींतून उंटांवर येणाऱ्या मिठाच्या लाद्या आणि नायजर नदीवरचं काबारा बंदर, या दोहोंच्या मधे ते उभं होतं. नदी वजा केली तर टिंबक्टू उरत नाही.

वाळवंटाच्या कडेचं खरं शहर हे असं असतं: पाण्याबद्दल कमालीचं दक्ष आणि पैशाबद्दल कमालीचं काटेकोर. आपल्या कथांतल्या शहरातून नेमक्या याच दोन गोष्टी गळालेल्या असतात. म्हणजे आपण वाळवंटाचं शहर आणलं असंही नाही. त्याची रोषणाई तेवढी आणली.

ही रोषणाई आली कुठून? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. त्याच सुमारास, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. पुढे शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत उतरवले. एवढं मोठं देणं क्वचितच कुठल्या परकीय पुस्तकाला मराठीत मिळालं असेल. मग दोष त्या गोष्टींचा का? मुळीच नाही. बगदादचा हमाल आणि तीन स्त्रिया ही त्यातली प्रसिद्ध गोष्ट आठवून पाहा. तिची सुरुवात जादूने होत नाही, बाजारहाटाने होते. शामची सफरचंदं, ओमानचे पीच, हलबची जाई, मिसरची लिंबं; मग खाटीक, मग सुकामेवा, मग अत्तरं. कुठला माल कुठून आला हे निवेदकाला ठाऊक आहे, आणि हमालाची टोपली जड होत जाते तेही त्याला दिसतं. जादू येते ती त्यानंतर. आपण ती यादी गाळली, हमाल गाळला आणि दिवा ठेवला.

याहून जुना धडा तर आपल्याच घरातला आहे. पहिल्या शतकात इजिप्तकडून आलेल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून आपण ती ओळखतो. लेखकाचं नावही शिल्लक नाही. तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेद जातो, तगरहून साधं कापड आणि मलमल. माल गाड्यांवरून, रस्ता नसलेल्या मुलुखातून बंदराला येतो. बस, इतकंच. पण किती दिवस, कुठला माल, कशावरून आणि वाट कशी, एवढं कळल्यावर शहर डोळ्यांपुढे उभं राहतं. आमचे फँटसीकार मनोऱ्यावर दोन पानं खर्च करतात आणि शहर कशावर जगतं हे एका ओळीत सांगत नाहीत.

आता बोदलकसाकडे या.

हा तलाव १९१७ चा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मध्य प्रांतावर दोन भयानक दुष्काळ कोसळले, त्यानंतर सिंचन आयोग बसला आणि प्रांतात सरकारी तलावांची कामं सुरू झाली. बोदलकसा त्या पिढीतलं. पण इथल्या माणसांना पाणी अडवायला साहेबाने शिकवलं नाही. कोहळी समाजाने शेकडो वर्षं आधीपासून या मुलुखात तलाव बांधले होते. नवेगाव बांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. गोंड राजांच्या अमलात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. पुढे ब्रिटिशांच्या मालगुजारी पद्धतीमुळे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत.

तलाव म्हणजे नुसतं साठलेलं पाणी नव्हे, ती एक राज्यव्यवस्था असते. पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, पाणी आधी कुणाच्या बांधीत जाणार, वाटप करणाऱ्याला धानाचा किती वाटा, मासे कुणाचे, उतरत्या पाण्यात उघड्या पडणाऱ्या जमिनीवर हक्क कुणाचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ज्या पाण्यासाठी गाव पिढ्यानपिढ्या राबलं होतं त्यावर पाणीपट्टी द्यायची का, यावरून लोक आणि सरकार यांच्यात जुंपली. तेव्हापासून पाळी खचत गेल्या, तलाव गाळाने भरत गेले. आता सांगा, निषिद्ध मनोऱ्याचं कुठलं रहस्य या प्रश्नापेक्षा मोठं आहे: ज्याने बांधला तो गेला, ज्याच्याकडे आला त्याला बांधता येत नाही, आणि पाणी मात्र दरसाल येतंच आहे?

पाण्याचा प्रश्न असा सुटला. उरला अत्तरवाला.

गोंदिया या नावाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की या भागातले लोक डिंक, म्हणजे गोंद, आणि लाख गोळा करून विकत, त्यावरून गावाचं नाव पडलं. खरी असो वा नसो, एखादं शहर आपलं नाव डिंकाच्या दुकानावरून सांगतं हीच गोष्ट लिहिण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे इथून गेली, विसाव्याच्या सुरुवातीला जबलपूरकडे छोटी लाइन निघाली आणि गोंदिया जंक्शन झालं. एकीकडे जंगल, एकीकडे धान, मधे रुळ. जंगलातून लाख, डिंक, मोहफुलं, चारोळी, तेंदूची पानं, बांध्यांतून धान, आणि बाहेरून मीठ, कापड, तंबाखू. रुळांआधी हीच ने-आण बंजाऱ्यांचे तांडे करत, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. ‘तांडा’ म्हटल्यावर आपल्याला उंट का दिसतात आणि बैल का दिसत नाहीत, याचा विचार एकदा स्वस्थ बसून करायला हवा.

आणि ज्यांना वाळवंट हवंच आहे त्यांच्यासाठी: वाळवंटाच्या कडेचा खरा व्यापारी विदर्भात येऊन राहिलेलाच आहे. शेखावाटीच्या रेताड गावांतून निघालेल्या मारवाडी कुटुंबांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात पेढ्या घातल्या. जमनालाल बजाज १८८९ साली सीकरजवळच्या एका खेड्यात जन्मले आणि वर्ध्याच्या बच्छराजांच्या पेढीवर दत्तक आले. शेखावाटीतल्या हवेल्यांच्या भिंती रंगल्या त्या मुंबई, कलकत्ता आणि अशाच लांबलांबच्या मुलखांतल्या व्यापारावर. म्हणजे वाळवंटाच्या कडेला दिसणाऱ्या झगमगाटाचा एक धागा इथल्या पेढ्यांपर्यंत येतो. तो धागा धरून कथा लिहा ना! राजस्थानातल्या भिंतीवरच्या हत्तीचा निळा रंग कुणाच्या कापसाचा, कुणाच्या धानाचा?

बिडीचं उदाहरण घ्या, कारण गोंदियाच्या बाजारपेठेचा मोठा हिस्सा बिडीने उभा केला. उन्हाळ्यात, तेंदूची पानं कोवळी असताना, घरची सगळी माणसं पहाटे जंगलात जातात. दुपारी पानं जुळवून पुडे बांधतात, एका पुड्यात सत्तर पानं. संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पान वाळतं, पोत्यांत भरतं, गोदामात जातं. मग तेच पान आणि परमुलखातून आलेला तंबाखू तोलून बाईच्या घरी येतो. ती हजाराच्या हिशेबाने बिड्या वळते. पानं कमी भरली तर पदरच्या पैशाने आणते. वळून नेलेल्या बिड्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. त्या काढलेल्या बिड्यांचं पुढे काय होतं, हे तिने विचारायचं नसतं.

यात काय नाही? मोजमाप आहे, फसवणूक आहे, न विचारायचा प्रश्न आहे. आपल्या अद्भुतकथेतल्या म्हाताऱ्या दुकानदाराला कधी कुणी दांडी मारताना पाहिलंय? त्याच्या दुकानात उधारीची वहीसुद्धा नसते. तो दुकान कशाला म्हणून उघडतो, देव जाणे.

आणि आता खरं अद्भुत. झाडीपट्टीत एक शहर असं आहे जे एका जागी नसतं. सोमवारी ते एका गावात असतं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. सकाळी मोकळ्या माळावर ताडपत्र्या ताणल्या जातात, दुपारी गल्ल्या तयार होतात: मिरचीची, सुक्या मासळीची, बांगड्यांची, टोपल्या-सुपांची, बियाण्याची. संध्याकाळी ते शहर गुंडाळून टेम्पोत चढतं. याला आपण आठवडी बाजार म्हणतो आणि पुढे जातो. दिवाळीनंतर तर एक उत्सवी शहर उगवतं, मंडई. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसभर दुकानं, पाळणे, मिठाई, सोयरिकीच्या गप्पा. आणि रात्री दंडार किंवा नाटक, थेट उजाडेपर्यंत. वडशाच्या नाटकमंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात. व्यापार आणि रंगभूमी एकाच रात्रीत एकाच माळावर मुक्कामाला येतात आणि सकाळी तिथे फक्त शेंगांची टरफलं असतात. हे शहर एखाद्या परदेशी फँटसीकाराने कागदावर आणलं असतं तर आपण त्याचे अनुवाद वाचून माना डोलावल्या असत्या.

मग हे आपल्याला दिसत का नाही? माझं उत्तर कडू आहे. आपण या मुलुखाला वाघ देऊन टाकला. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचं नवेगाव बांधविषयीचं लेखन, ही मराठीतली थोर पुस्तकं आहेत आणि चितमपल्लींच्या पानांत तर कोहळी, ढीवर, गोंड माणसं आपापल्या ज्ञानासकट वावरतात. दोष त्या दोघांकडे जात नाही. दोष आपण केलेल्या वाचनाचा. पुण्यामुंबईच्या वाचकाने त्यातून एवढंच उचललं की गोंदिया म्हणजे अरण्य, अरण्य म्हणजे शांतता, आणि शांतता म्हणजे तिथे माणसं काही करत नाहीत. पर्यटनाच्या पत्रकांतले बोदलकसाबद्दलचे शब्दही ठरलेले: निसर्गरम्य, शांत, शहरापासून दूर. कुणाच्या शहरापासून? तिरोडा तर हाकेच्या अंतरावर आहे, रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे, आणि ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्पही आहे. ज्या मुंबईत बसून आपण ‘शहरापासून दूर’ असं लिहितो, तिच्या राज्याची वीज अशा ठिकाणी तयार होते.

हा फक्त साहित्यिक आळस असता तर मी एवढा त्रागा केला नसता. पण ज्या जागेला कथेत व्यापार नाही, तिला वास्तवातही व्यापारी म्हणून वागवलं जात नाही. तिथे देणंघेणं नसतं, तिथे फक्त घेणं असतं. जंगल म्हटलं की पान फुकट उगवतं, तलाव म्हटलं की पाणी आपोआप साठतं, बाई म्हटली की फावल्या वेळात बिड्या वळते. श्रम हिशेबातून नाहीसे करण्याचा हा सर्वात सुंदर मार्ग आहे: त्यांना निसर्ग म्हणायचं. बरं, इथे प्राचीन शहरं नव्हती अशीही सबब चालत नाही. याच वैनगंगेच्या काठावर, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, १९६९-७० च्या उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षं जुने स्तूप निघाले. गावाभोवतीची तटबंदी आजही दिसते. शहर म्हणजे काय हे झाडीला माहीत होतं.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, कल्पनेला हिशेब विचारू नये. का विचारू नये? ज्याला भूक लागत नाही असा दुकानदार मला मोहात पाडू शकत नाही, कारण माझ्याशी सौदा करताना त्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. जादूच्या वस्तूची किंमत कळायला आधी मिठाची किंमत माहीत असावी लागते.

दुसरा आक्षेप, हे म्हणजे पुन्हा ग्रामीण साहित्यच झालं. नाही. मला वास्तववादी कादंबरी नकोच आहे. ती लिहिणारे लिहितीलच. मला उडणारे बगळे, बोलणारी पाळ, शापित पायली आणि सात गावांत फिरणारं शहर हवं आहे. फक्त त्या शहराचा पाया इथल्या पाण्यात आणि इथल्या मापात असावा. पायली, कुडव, खंडी ही मापं दिनार आणि दिरहमपेक्षा कमी गूढ आहेत असं कुणी ठरवलं?

तिसरा आक्षेप सर्वात प्रामाणिक आहे: वाचकाला लांबचं हवं असतं. खरंय. पण लांब म्हणजे कुठून? पुण्याच्या वाचकाला जैसलमेरची सहल परिचयाची आहे आणि तिरोड्याचा बाजार अपरिचित. त्याच्यासाठी लांबचं तेच. आणि तिरोड्याच्या शाळेत बसून आपली पहिली अद्भुतकथा लिहिणाऱ्या मुलीचं काय? तीही ती वाळवंटातच रचणार, कारण गोष्टीला लायक बाजार दुसरीकडे भरतो हे तिला वाचूनच कळलं आहे. तिच्या आईच्या सुपातल्या वळलेल्या बिड्या तिला कथेच्या बाहेरच्या वाटतात. तिच्याकडून आपण हे काढून घेतलंय, आणि बदल्यात दिला तो एक कंदील.

वाळवंटावर लिहायला माझी मनाई नाही. लिहा, पण मग पाल्मिराच्या लोकांसारखं लिहा: पखालीतल्या तेलाचा दर माहीत करून घ्या, झऱ्याचा मालक कोण ते शोधा, चामडेवाल्याचा महिन्याचा कर थकवा आणि त्याच्या दारात जकातदार उभा करा. ते जमणार नसेल तर बोदलकसा तलावाच्या पाळीवर शहर वसवा. वेस नको, पाळ आहे. कारंजं नको, तलावाचं दार उघडलं की पाणी कसं फुटतं ते बघून या. पहिल्या दुकानात डिंक ठेवा, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात मापं विकणारी बाई बसवा, जिच्या पायलीत धान ओतलं की दरवेळी मूठभर कमीच भरतं. कुणाची मूठ, हे शोधायला नायिकेला पाठवा.